सनद नसलेला पूर्वज : अमेरिकेच्या सरहद्दीवरील वनौषधी-चिकित्सक आणि त्यांचा शोध

प्रास्ताविक

घरातील शजरा काढून बसले की एखादे तरी नाव हकिमाचे, वैद्याचे किंवा सुईणीचे निघते. ते नाव आदराने घेतले जाते. नाडीवर बोट ठेवताच रोग ओळखणारे, पैसा न घेता औषध देणारे, रानातील एकेका पाल्याची ओळख असणारे, असे त्यांचे वर्णन पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. परंतु हे पूर्वज कोठे बसत, कोणाकडून शिकले, काय देत, याला कागदाचा आधार विचारला की बहुधा काहीच हाती लागत नाही. वतनदार सापडतो, पटवारी सापडतो, पलटणीतील शिपाईही सापडतो. ज्याचा घराला अभिमान असतो तो हकीम मात्र सापडत नाही.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत कुलवृत्तान्त शोधण्याची मोठी परंपरा आहे आणि तेथील असंख्य कुटुंबांत ‘आमचे पणजोबा सरहद्दीवर झाडपाल्याची औषधे देत’ अशी आठवण जपलेली आहे. सरहद्द म्हणजे तेथे दोन राज्यांमधील सीमारेषा नव्हे. गोऱ्या वसाहतींची पश्चिमेकडे सरकत जाणारी कड, असा त्या शब्दाचा अर्थ. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती मेनच्या जंगलात व केंटकीत होती, पुढे ओहायो, इंडियाना, इलिनॉय येथे सरकली आणि एकोणिसाव्या शतकात पार ओरेगनपर्यंत पोहोचली. अर्थात जे मूळ रहिवासी तेथे आधीपासून राहत होते त्यांच्या दृष्टीने ती सरहद्द नव्हती, ते त्यांचे घर होते. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

अशा पूर्वजाचा माग काढताना कोणते कागद उपयोगी पडतात, कोणते फसवतात आणि घरात सांगितल्या जाणाऱ्या कथेला कसे तपासावे, याचा विचार प्रस्तुत लेखात चार प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे केला आहे. महाविद्यालयीन अध्यापकांना विद्यार्थ्यांकडून स्थानिक इतिहासाचे काम करून घेताना ही रीत उपयोगी पडावी, अशी अपेक्षा आहे.

सरकारी दाखल्यांत हा माणूस का सापडत नाही?

अमेरिकेत दर दहा वर्षांनी होणारी जनगणना हा कुलवृत्तान्ताचा पहिला आधार. पण १८४० पर्यंतच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. बाकीची माणसे वयोगटानुसार आकड्यांत मोजली जात. प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव १८५० च्या जनगणनेत प्रथम आले. त्या वर्षी व्यवसायाचा रकाना होता, परंतु तो पंधरा वर्षांवरील पुरुषांसाठी. स्त्रियांचा व्यवसाय १८६० पासून विचारला जाऊ लागला. म्हणजे १८५० पूर्वी वारलेली सुईण किंवा औषधे देणारी स्त्री जनगणनेत व्यवसायासह सापडणे शक्यच नाही. गुलामगिरीतील माणसांची तर १८५० व १८६० च्या स्वतंत्र याद्यांत नावे न देता केवळ वय, लिंग व वर्ण यांचीच नोंद आहे. ज्या मळ्यांवर मुळ्या-पाल्याची जाण असलेली वृद्ध स्त्री साऱ्या वस्तीचे दुखणेखुपणे पाहत असे, तेथे ती मालकाच्या नावाखालील एक आकडा होऊन राहिली. त्यात आणखी भर म्हणजे १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत खराब झाले व पुढे नष्ट करण्यात आले.

व्यवसायाच्या रकान्यात ‘फिजिशियन’, ‘बोटॅनिक फिजिशियन’ किंवा ‘रूट डॉक्टर’ असे शब्द क्वचित आढळतात. परंतु सरहद्दीवरील बहुतेक चिकित्सक शेतकरीच होते. शेती हे पोटाचे साधन, औषध हे शेजारधर्माचे काम. मोजणीला आलेल्या माणसाने रकान्यात ‘शेतकरी’ लिहिले, यात त्याची चूक नव्हती.

दुसरा आधार वैद्यकीय परवान्यांचा. येथे काळाचा क्रम नीट लक्षात घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस अनेक राज्यांत परवान्याचे कायदे होते. विनापरवाना औषध देणाऱ्याला आपल्या फीसाठी न्यायालयात दाद मागता येत नसे. पुढे लोकमताच्या रेट्याने हे कायदे उठले: ओहायोत १८३३ साली, न्यूयॉर्कमध्ये १८४४ साली. १८७० नंतर ते पुन्हा येऊ लागले. इलिनॉयने १८७७ साली कायदा केला. वेस्ट व्हर्जिनियाच्या १८८२ च्या कायद्याने पदवी, दहा वर्षांचा अनुभव किंवा परीक्षा यांपैकी एक अट घातली. फ्रँक डेंट नावाच्या चिकित्सकाने या कायद्याला आव्हान दिले, तेव्हा १८८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. म्हणून १८४० ते १८७० या काळातील पूर्वज परवान्यांच्या यादीत नसेल तर त्यावरून तो भोंदू होता असे ठरत नाही, आणि १८८० नंतरच्या नोंदवहीत असेल तर तो पदवीधर होता असेही ठरत नाही. अनुभवाच्या अटीवर नाव नोंदलेले कितीतरी वृद्ध त्या वह्यांत आहेत.

सारांश, व्यवसायाने स्वतःसाठी तयार केलेले कागद या माणसाला ओळखत नाहीत. त्याचा माग इतरांच्या कागदांत घ्यावा लागतो: रोग्याच्या, सावकाराच्या, न्यायालयाच्या आणि वारसांच्या.

घरात राहिलेली रोजनिशी : मार्था बॅलार्ड

मार्था बॅलार्ड यांचा जन्म १७३५ साली मॅसॅच्युसेट्समधील ऑक्सफर्ड येथे झाला. त्या १७७७ साली केनेबेक नदीच्या काठी हॅलोवेल येथे आल्या. हा भाग आज मेन राज्यात आहे; त्या वेळी ती वसाहतीची उत्तरेकडील कड होती. पती एफ्रेम हे जमिनीची मोजणी करीत आणि गिरणी चालवीत. मार्थाबाई सुईण होत्या, परंतु त्यांचे काम बाळंतपणापुरते नव्हते. त्या बागेत औषधी झाडे लावत, रानातून पाला आणत, काढे व लेप करीत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत आणि मृतांना अखेरचे तयारही करीत. १७८५ पासून १८१२ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे त्यांनी रोजनिशी लिहिली. तीत ८१६ बाळंतपणांची नोंद आहे. हवामान, विणकाम, नदीवरील बर्फ, कोणाकडे गेले, काय दिले, मोबदला काय मिळाला, असे सारे त्या दोन-चार ओळींत लिहून ठेवीत.

१८१२ साली त्या वारल्या तेव्हा स्थानिक वृत्तपत्रात त्यांचे वय व त्या एफ्रेम बॅलार्ड यांच्या पत्नी असल्याचे तेवढे छापून आले. सत्तावीस वर्षांच्या कामाचा उल्लेखही नव्हता. रोजनिशी राहिली नसती तर वंशजांच्या हाती ‘अमुक यांची पत्नी’ एवढेच आले असते.

ती राहिली, कारण घरातील माणसांनी ती जपली. पणतीची मुलगी मेरी होबार्ट हिने १८८४ साली वैद्यकीय पदवी मिळविली आणि त्याच वर्षी रोजनिशी तिच्याकडे आली. ज्या काळात स्त्री डॉक्टर होणे अपवादात्मक होते त्या काळात आपल्या कुळात शंभर वर्षांपूर्वी एक स्त्री हेच काम करीत होती, हे तिला वाचायला मिळाले. १९३० साली तिने ही रोजनिशी मेन राज्य ग्रंथालयाला दिली. पुढे इतिहासकार लॉरेल थॅचर उलरिच यांनी या नोंदींचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९० साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याला १९९१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तोपर्यंत या रोजनिशीकडे किरकोळ घरगुती टिपणे म्हणूनच पाहिले जात होते. उलरिच यांनी त्या किरकोळ नोंदी गावातील कराच्या याद्या, न्यायालयाचे कागद व इतरांच्या रोजनिशा यांच्याशी ताडून पाहिल्या, तेव्हा एका गावाचे सारे अर्थकारण व समाजजीवन त्यातून उलगडले. घरातील जुन्या वहीत औषधाशेजारी दुधाचा हिशोब असेल, तर तो हिशोबही टाकून देऊ नये, हा यातील धडा.

वीस डॉलरचा हक्क : सॅम्युएल थॉमसन यांचे अनुयायी

घरात रोजनिशी नसेल तर काय? एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात औषधे देणाऱ्या पूर्वजाचा माग बहुतेक वेळा सॅम्युएल थॉमसन या नावापाशी येऊन पोहोचतो. थॉमसन यांचा जन्म १७६९ साली न्यू हॅम्पशायरमधील अल्स्टेड या जंगलाकाठच्या गावी झाला. शाळा जवळजवळ नाहीच. गावातील एका वृद्ध बाईबरोबर हिंडून ते लहानपणीच झाडे ओळखायला शिकले. लोबेलिया या झाडाच्या शेंगा चघळल्या की उलटी होते, हे त्यांना पोरवयातच समजले. घरातील आजारपणांत डॉक्टरांच्या औषधांवरील त्यांचा विश्वास उडाला. त्या काळचे सुशिक्षित डॉक्टर रक्त काढीत व पाऱ्याची औषधे देत, हे ध्यानात घेतले म्हणजे हा अविश्वास अनाकलनीय वाटत नाही.

थॉमसन यांची उपपत्ती साधी होती. थंडी म्हणजे रोग, उष्णता म्हणजे जीवन. लोबेलियाने वांती करवावी, वाफारा द्यावा, लाल मिरचीने अंगात उष्णता आणावी व पुढे कडू काढ्यांनी पचन सुधारावे. औषधांना त्यांनी क्रमांक दिले होते: लोबेलिया पहिले, लाल मिरची दुसरे, याप्रमाणे सहापर्यंत. विरोधकांनी त्यांच्या पंथाला ‘वाफाऱ्याचे डॉक्टर’ असे हिणवले.

१८०९ साली एझ्रा लव्हेट नावाचा तरुण त्यांच्या उपचारानंतर दगावला आणि थॉमसन यांच्यावर खुनाचा खटला झाला. मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश थिओफिलस पार्सन्स यांच्यासमोर तो चालला. मारण्याचा हेतू सिद्ध होत नाही म्हणून थॉमसन सुटले. वंशेतिहासाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट नोंदवावी. रोगी बरा झाला तर कागद तयार होत नाही. रोगी दगावला तर होतो. म्हणून न्यायालयीन कागदांत चिकित्सकाचे अपयशच अधिक दिसते, आणि केवळ त्यावरून पूर्वजाचे मोल ठरविणे अन्यायाचे होईल.

खटल्यातून सुटल्यावर थॉमसन यांनी वेगळीच वाट धरली. १८१३ साली त्यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि १८२२ साली आत्मवृत्तासह मार्गदर्शक ग्रंथ छापला. वीस डॉलर भरणाऱ्या कुटुंबाला ही औषधे तयार करण्याचा व स्वतःच्या घरात वापरण्याचा हक्क मिळे. त्याचे छापील हक्कपत्र असे आणि त्यातील रिकाम्या जागी खरेदीदाराचे नाव हाताने लिहिले जाई. थॉमसन यांचे दलाल गावोगाव फिरून हे हक्क विकीत. १८३९ पर्यंत एक लाख हक्क विकल्याचा त्यांचा दावा होता. दाव्यात फुगवटा धरला तरी प्रसार मोठा होता यात शंका नाही. सरहद्दीवर, जेथे डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर असे, तेथे हा सौदा लोकांना परवडणारा वाटला.

आज अमेरिकेतील एखाद्या कुटुंबाला जुन्या पेटीत असे हक्कपत्र सापडते तेव्हा ‘आमचे पूर्वज डॉक्टर होते’ असा निष्कर्ष लगेच निघतो. तो घाईचा आहे. हक्कपत्र म्हणजे घरापुरते वापरण्याची मुभा. त्या माणसाने शेजाऱ्यांना औषध दिले की नाही, हे दुसऱ्या कागदाने ठरते. तो कागद बहुधा मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत असतो. अशा यादीत खलबत्ता, बाटल्या, वाळवलेल्या मुळ्या, घोड्यावर टाकायच्या औषधाच्या थैल्या, वैद्यकाची पुस्तके असतील आणि येणे रकमांत बऱ्याच शेजाऱ्यांची नावे लहान लहान आकड्यांसह असतील, तर तो औषधे देत होता असे म्हणता येते. हक्कपत्र, मालमत्तेची यादी आणि जनगणना ही तिन्ही एका नावाशी जुळली म्हणजे पाया पक्का होतो.

थॉमसन यांच्या अनुयायांत पुढे फूट पडली. काहींना शाळा-महाविद्यालये हवी होती, ती थॉमसन यांना मान्य नव्हती. याच सुमारास ‘एक्लेक्टिक’ नावाचा वनौषधींवर भर देणारा दुसरा पंथ उभा राहिला. त्याच्या सिनसिनाटी येथील महाविद्यालयाला १८४५ साली मान्यता मिळाली व ते १९३९ पर्यंत चालले. त्याच शहरातील लॉइड ग्रंथालयात या पंथाचा मोठा संग्रह आहे. म्हणजे औषधे देणारा पूर्वज खरोखर पदवीधर असणेही शक्य असते.

डॉक्टर ॲना आणि शॉनी स्त्री

कागद मुळीच नसतील आणि केवळ कथा असेल, तेव्हा शोध अधिक कठीण होतो. याचे बोलके उदाहरण म्हणजे दक्षिण इलिनॉयमधील ॲना बिक्सबी.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओहायो नदीच्या खोऱ्यात ‘दुधाचा आजार’ नावाची व्याधी पसरली होती. गाईगुरे थरथर कापून मरत; त्यांचे दूध पिणारी माणसे उलट्या होऊन काही दिवसांत दगावत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन नऊ वर्षांचे असताना, ५ ऑक्टोबर १८१८ रोजी, त्यांच्या आई नॅन्सी इंडियानातील लिटल पिजन क्रीक येथे याच आजाराने वारल्या असे मानले जाते. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. वस्त्याच्या वस्त्या घाबरून उठून गेल्या.

ॲना लहानपणी आईवडिलांबरोबर हार्डिन परगण्यातील रॉक क्रीक येथे आली. तिने फिलाडेल्फियाला जाऊन सुईणपण व दात काढण्याचे काम शिकून घेतले आणि परत येऊन ती साऱ्या परिसराची ‘डॉक्टर ॲना’ झाली. या आजारात तिच्या घरातील माणसेही गेली. तिने पाहिले की आजार उन्हाळ्यात सुरू होतो आणि पहिले हिमतुषार पडले की थांबतो. त्यावरून तिने अंदाज बांधला की गुरे रानात काही तरी खातात. तुषार पडेपर्यंत दूध पिऊ नका, असे ती लोकांना सांगू लागली. मात्र झाड कोणते, हे तिला कळेना. कथा अशी की रानात तिला एक वृद्ध शॉनी स्त्री भेटली आणि तिने पांढऱ्या फुलांचे एक झुडूप दाखविले. ॲनाने ते वासराला खाऊ घातले. वासरू थरथरू लागले. त्यानंतर परिसरातील माणसे व मुले जमवून तिने ते झुडूप उपटून टाकण्याची मोहीम काढली. हे १८३० च्या दशकातील सांगतात. ओहायोतील जॉन रो या शेतकऱ्यानेही त्याच दशकाच्या अखेरीस याच झुडपाकडे बोट दाखविले होते. दोघांचेही कोणी फारसे ऐकले नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातील रसायनतज्ज्ञ जेम्स काऊच यांनी १९२८ साली या झुडपातील विषारी द्रव्य वेगळे काढले, तेव्हा कोठे शास्त्राने मान्यता दिली. या झुडपाचे इंग्रजी नाव व्हाइट स्नेकरूट.

ॲनाची हकीकत मुख्यतः तोंडी परंपरेने आली. तिला लेखी रूप फार उशिरा मिळाले. वैद्यकीय नियतकालिकातून ती व्यापक वाचकांसमोर आली ती १९६६ साली. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत तिच्याभोवती दरोडेखोर नवरा, गुहेतील खजिना, रात्री दिसणारा दिवा असल्या कथा गोळा झाल्या. संशोधकाने येथे चाळणी लावावी लागते. आजार होता, झुडूप विषारी आहे, ऋतूचे निरीक्षण बिनचूक आहे; एवढे स्वतंत्र पुराव्याने सिद्ध होते. ॲना त्या परिसरात राहत होती व उपचार करीत होती, याला स्थानिक आधार आहे. खजिना व दिवा यांना तो नाही.

मात्र या कथेतील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती ॲना नव्हे. झुडूप ज्या स्त्रीने दाखविले तिचे नाव कोठेच नाही. लोक तिला नुसते ‘शॉनी मावशी’ म्हणत. अमेरिकेच्या संसदेने मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदा १८३० साली केला आणि ओहायोतील शॉनी लोकांना १८३१ च्या करारांनी आपल्या जमिनी सोडाव्या लागल्या. ज्या वर्षांत एक समाज रानातून हुसकला जात होता, त्याच वर्षांत त्या समाजातील एका स्त्रीने नव्याने आलेल्यांचे प्राण वाचविणारी माहिती दिली, असे ही कथा सांगते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, सरहद्दीवरील वनौषधींच्या ज्ञानाचा मोठा भाग असाच हातोहात आला आणि देणाऱ्याचे नाव वाटेत गळून पडले, हे मात्र खरे.

यातूनच आणखी एक फसगत होते. त्या काळी ‘इंडियन डॉक्टर’ म्हणवून घेणारे पुष्कळ होते. येथे इंडियन म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी. पण ही उपाधी लावणारे बहुतेक गोरेच होते. त्यांची विद्या मूळ रहिवाशांकडून आल्याचा दावा तेवढा असे. सिनसिनाटीत १८१३ साली याच नावाने औषधसंग्रह छापणारे पीटर स्मिथ हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. पुढच्या पिढ्यांनी मात्र ‘आजोबा इंडियन डॉक्टर होते’ याचा अर्थ ‘आजोबा इंडियन होते’ असा घेतला. चेरोकी, चॉक्टॉ इत्यादी पाच समाजांच्या सदस्यांच्या याद्या सरकारने १८९८ पासून तयार केल्या. अशा याद्यांशी ताडून न पाहता वंशाचा दावा करणे म्हणजे ज्ञान घेतल्यावर नावही घेण्यासारखे आहे.

जॉन डे येथील बंद खोली

चौथे उदाहरण याच्या नेमके उलटे आहे. येथे कागद भरपूर, पण ते वाचणारा कोणी नव्हता.

ओरेगनमधील जॉन डे हे सोन्याच्या खाणींचे गाव. खाणींवर चिनी मजूर मोठ्या संख्येने होते. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात १८६२ साली जन्मलेले इंग हे १८८७ साली तेथे आले. लंग ऑन या भागीदारासह त्यांनी ‘काम वा चुंग’ नावाचे दुकान घेतले. एकाच छपराखाली किराणा, देवघर, मजुरांची राहण्याची सोय आणि औषधांची खोली होती. हे नाडीपरीक्षेसाठी प्रसिद्ध होते. मनगटावर बोटे ठेवून रोगाचा अंदाज घेण्याची ही रीत युनानी तिब्बमधील नब्जपरीक्षेची आठवण करून देते. दोन्ही परंपरांचे ग्रंथ व उपपत्ती वेगळ्या असल्या, तरी रोग्याच्या मनगटावर शांतपणे बोटे ठेवून बसलेला चिकित्सक दोन्हीकडे सारखाच दिसतो.

चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा १८८२ साली झाला होता. सभोवती द्वेषाचे वातावरण होते. तरीही गोरे गुराखी, शेतकरी व त्यांच्या बायका औषधासाठी हे यांच्याकडे येत. परवान्याविना वैद्यकी केल्याचे आरोप त्यांच्यावर झाले, पण त्यांना दोषी ठरविणारे ज्यूरी मिळाले नाहीत. लंग ऑन १९४० साली वारले. हे १९४८ पर्यंत तेथेच होते व १९५२ साली पोर्टलंड येथे वारले. इमारत गावाला देण्यात आली व बंद पडून राहिली. १९६७ साली ती पुन्हा उघडली तेव्हा पाचशेहून अधिक औषधी द्रव्ये, चिनी भाषेतील हिशोब व पत्रे आणि न वटविलेले तेवीस हजार डॉलरहून अधिक रकमेचे धनादेश सापडले. हे धनादेश रोग्यांचे होते. ते का वटविले नाहीत याची अनेक कारणे सांगितली जातात. हलाखीच्या दिवसांत गरिबांकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हणून, हे त्यांतील एक.

पत्रांत चीनमध्ये मागे राहिलेल्या कुटुंबाचा आवाज आहे: पैसे पाठवा, घरी या. हे कधीच परतले नाहीत. ज्या गावाने त्यांना ‘डॉक हे’ म्हणून जपले, त्या गावाला ही पत्रे वाचता येत नव्हती. चिनी जाणणारे अभ्यासक आले तेव्हा लोकप्रिय डॉक्टरमागचा नवरा व बाप दिसू लागला. आज ही इमारत संग्रहालय असून २००५ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. पूर्वज ज्या भाषेत लिहीत होता ती भाषा घरातून गेली की पेटीतील कागद असूनही इतिहास नाहीसा होतो, हे या उदाहरणातून दिसते.

नुस्ख्यातील नावे

औषधांच्या जुन्या वह्या वाचताना एक सावधगिरी घ्यावीच लागते. अमेरिकेत ‘स्नेकरूट’ म्हणजे सर्पमूळ हे नाव अनेक झाडांना आहे. सेनेका स्नेकरूट खोकल्यासाठी वापरत. ब्लॅक स्नेकरूट हे स्त्रियांच्या विकारांवरील औषध. व्हर्जिनिया स्नेकरूट तापावर देत. त्यातील ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड निकामी करते व कर्करोगास कारण होते, हे आता सिद्ध झाले आहे. आणि व्हाइट स्नेकरूट म्हणजे तर दुधाच्या आजाराचे विष. वहीत नुसते ‘स्नेकरूट’ लिहिले असेल तर यांपैकी कोणते, हे गाव, ऋतू व रोग पाहूनच ठरवावे लागते. थॉमसन यांचे लोबेलियाही मोठ्या मात्रेत घातक ठरू शकते. म्हणून पूर्वजांचा नुस्खा हा इतिहासाचा पुरावा म्हणून जपावा, प्रयोगासाठी उघडू नये. पूर्वजांविषयी आदर आणि त्यांच्या औषधावर विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समारोप

चारही उदाहरणे एकत्र पाहिली म्हणजे शोधाचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम घरातील कथा जशी ऐकली तशी, सांगणाऱ्याच्या नावासह व तारखेसह लिहून घ्यावी. नंतर त्या काळी व त्या ठिकाणी परवान्याचा कायदा होता की नाही, हे पाहावे. त्यानंतर वह्या, येणी-देणी, वाटणीपत्रे, न्यायालयाचे निकाल, कबरीवरील लेख यांत नाव शोधावे. अखेरीस कथेतील प्रत्येक विधानासमोर सिद्ध, शक्य किंवा निराधार असे लिहावे. निराधार निघालेला भाग फेकून द्यायचा नाही, पण तो इतिहास म्हणून सांगायचाही नाही.

हीच रीत आपल्याकडील हकीम घराण्यांना लागू पडते. मुंबई प्रांतात १९१२ च्या कायद्याने नोंदणी पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांपुरती ठेवली; हकीम अजमल खान यांच्यासारख्या नेत्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. वैद्य व हकीम यांच्या नोंदणीची तरतूद करणारा कायदा याच प्रांतात १९३८ साली झाला. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. तेव्हा तेथील पणजोबा १९३८ पूर्वी वारले असतील तर सरकारी नोंदवहीत त्यांना शोधणे व्यर्थ आहे. त्यांचा माग त्यांच्या बयाजमध्ये लागेल. या बयाज बहुधा फारसी किंवा उर्दूत, शिकस्ता लिपीत लिहिलेल्या असतात आणि घरातील आजची मुले मराठी, कन्नड किंवा इंग्रजी वाचणारी असतात. जॉन डे येथील बंद खोलीसारखीच ही अवस्था आहे.

त्या वह्या वाचू शकणारे अध्यापक महाविद्यालयांत अजून आहेत. एखाद्या वर्गाने वर्षभरात एका घरातील एक बयाज वाचून तिची यादी केली, तिच्यातील रोग्यांची, गावांची व औषधांची नावे मराठीत उतरविली, तरी पुरे. अशी यादी करताना ज्याच्याकडून औषध कळले त्याचे नाव, तो रानातला धनगर असो वा मुळ्या विकायला येणारी बाई असो, नुस्ख्याच्या कडेला लिहिलेले आढळल्यास ते पहिल्यांदा उतरवून घ्यावे.